अनोळखी क्राइम आणि ॲक्शन सिनेमे अर्ध्यावर का सुटतात, आणि चांगला कसा हेरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाजलेले क्राइम-ॲक्शन सिनेमे बघून संपले. आता रात्री जेवणानंतर ओटीटीवर कधी नाव न ऐकलेलं काहीतरी लावता आणि दहातले सात-आठ अर्ध्यावर बंद करता. साडेसात रेटिंगवाला रटाळ निघतो, साडेपाचवाला आवडून जातो, आणि असं का होतं ते सांगता येत नाही. “सिनेमा वाईट आहे की मलाच कळत नाही?” असं विचारून तुम्ही वर दहा नावांची यादी मागितली आहे.

नावं देतो, पण नुसत्या यादीने तुमचं काम होणार नाही. यादीतले तीन सिनेमे आवडतील, बाकीचे पुन्हा अर्ध्यावर सुटतील आणि प्रश्न जागच्या जागी राहील. मी संकलक आहे, मारामाऱ्या आणि पाठलाग कापणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे त्याच बाजूने उत्तर देतो.

खरी अडचण अशी की “क्राइम-ॲक्शन” हा खण ओटीटीवाल्यांनी सोयीसाठी केला आहे. त्यात दोन वेगळ्या जातीचे सिनेमे कोंबलेले असतात. क्राइम सिनेमा माहितीवर चालतो. कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला नाही आणि प्रेक्षकाला ते कधी कळतं, एवढ्यावर त्याचा सगळा ताण उभा असतो. ॲक्शन सिनेमा जागेवर आणि शरीरावर चालतो. कोण कुठे उभा आहे, दार कोणत्या बाजूला आहे, फटका कोणाला बसला आणि बसल्यावर त्याचं काय झालं, हे दिसलं पाहिजे. एकाची अपेक्षा धरून दुसरा लावलात की कंटाळा ठरलेला.

उदाहरण घ्या. पीटर येट्स हा “बुलिट”मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गाडी-पाठलागासाठी ओळखला जाणारा दिग्दर्शक. त्याचाच १९७३चा “द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल” लावून तसा पाठलाग येईल म्हणून वाट बघत बसलात, तर वैतागाल. त्यात बॉस्टनमधला एक थकलेला, बंदुका इकडून तिकडे पोचवणारा किरकोळ गुन्हेगार आहे. तुरुंगवास टाळायला खबर द्यावी का, या विचारात तो बारमध्ये आणि कॉफीच्या टेबलांवर बसून बोलत राहतो. कॉइल झालेल्या रॉबर्ट मिचमचं काम अप्रतिम आहे. पण गंमत येते ती कॉइलला ठाऊक नसलेली एक गोष्ट आपल्याला कळते तेव्हापासून. संवादांकडे कान नसेल तर तो क्षण हातून जातो आणि उरतात नुसती बोलणारी माणसं.

तुम्ही कशावर बघता, डब बघता की मूळ भाषेत, दिवसभर दमून बघता की रविवारी दुपारी, यावरही बरंच अवलंबून आहे. ते मला माहीत नाही, म्हणून कुठल्याही परिस्थितीत लागू पडतील अशाच गोष्टी सांगतो.

आधी ॲक्शन. सिनेमातली पहिली मारामारी आली की आवाज पूर्ण बंद करून दोन मिनिटं बघा. आवाज आणि बॅकग्राउंड म्युझिक हे आमचं सगळ्यात मोठं पांघरूण. कट फसला, फटका पोचला नाही, तर वरून एक दणदणीत “धाड” टाकला की निम्म्या प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. आवाज गेला की उरतं ते खरं चित्रीकरण. तेव्हा एवढंच बघा: खोली कशी आहे हे कळतंय का, आणि मारणारा, मार खाणारा आणि पडणारा कधीतरी एकाच शॉटमध्ये दिसतात का?

हे का बघायचं ते समजायला ठोसा कसा तयार होतो ते माहीत हवं. मूठ आणि गाल यांच्यात बऱ्यापैकी अंतर असतं, कधी कधी वीतभर. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे लावला की मूठ आणि चेहरा लेन्सच्या एका रेषेत येतात आणि मधलं अंतर दिसत नाही. तोच कॅमेरा बाजूला, काटकोनात नेला की सगळं उघडं पडतं. मग आम्ही संकलनाच्या टेबलावर फटक्याच्या जरा आधीच्या दोन-तीन फ्रेम काढतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे तीन फ्रेम हा सेकंदाचा आठवा भाग. डोळ्याला तुटल्याचं जाणवत नाही, पण हात झपकन पोचल्यासारखा वाटतो. हाँगकाँगचे संकलक नेमकं उलटं करत. मधल्या कटनंतर पुढच्या शॉटमध्ये तीच हालचाल काही फ्रेम मागून पुन्हा सुरू करत, त्यामुळे लाथ जास्त जड वाटते. तिसरा उपाय कॅमेऱ्यातला: २४ऐवजी २२ फ्रेमने चित्रित करायचं, म्हणजे पडद्यावर हालचाल नऊएक टक्के वेगवान दिसते. २०वर गेलात की वेग वीस टक्के वाढतो आणि मग केस, शर्टाचं टोक, मागून जाणारा माणूस, सगळं खोटं दिसायला लागतं. फाइट बघताना नटाकडे न बघता त्याच्या शर्टाकडे बघा, चोरी लगेच पकडली जाते.

बिघडतं कुठे? नटाला मारामारी येत नाही आणि शूटिंगला दिवस थोडे असतात. मग फाइटमास्टर सहा-सात अँगलने तुकडे घेतो, निम्म्यात डुप्लिकेट असतो, त्याचा चेहरा लपवायला कॅमेरा जवळ जातो आणि हलतो. माझ्यासारख्याच्या हातात येतात ते हे तुकडे. त्यातला कुठलाच एक सेकंदाच्या वर चालत नाही. मग हात सुटतो एका शॉटमध्ये, लागतो दुसऱ्यात, माणूस पडतो तिसऱ्यात. त्यात लाइन तुटली, म्हणजे डावीकडून मारणारा पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून मारताना दिसला, की प्रेक्षकाचा मेंदू हिशेब सोडून देतो. ती जी “काहीतरी चाललंय, संपलं की सांगा” अशी अवस्था होते, ती इथून येते. दोष तुमच्या लक्षाचा नसतो.

म्हणूनच कमी पैशातले अनोळखी ॲक्शन सिनेमे कित्येकदा तारांकित सिनेमांना भारी पडतात. त्यांच्याकडे स्टार नसतो, पण लढता येणारा माणूस असतो, आणि तेच त्यांचं भांडवल. थायलंडच्या “टॉम-यम-गूंग”मध्ये (२००५) टोनी जा एका रेस्टॉरंटच्या गोल चढणीवरून माणसं फेकत वर जातो. साधारण चार मिनिटं एकही कट नाही. शेवटच्या मजल्यापर्यंत त्याचा वेग उतरतो, हात जरा खाली येतात. ती दमछाक खरी आहे आणि कुठल्याही इफेक्टने ती आणता येत नाही. हाँगकाँगच्या “एसपीएल”मध्ये (२००५) गल्लीत एकाच्या हातात दंडुका, दुसऱ्याच्या हातात सुरा. डॉनी येन आणि वू जिंग या दोघांनाही लढता येत असल्यामुळे कॅमेरा मागे राहू शकतो. “हेवायर”मध्ये (२०११) दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढणाऱ्या जीना करानोला घेतलं आणि फाइट्सवर संगीतच टाकलं नाही. हॉटेलच्या खोलीतल्या झटापटीत श्वास, फर्निचर आणि काच एवढंच ऐकू येतं. हा सिनेमा कथेच्या बाजूने लंगडा आहे हे मान्य, पण मारामाऱ्यांसाठी मी तो कधीही बघेन.

आणि मग हाँगकाँगचा दिग्दर्शक जॉनी टो. “द मिशन” (१९९९) हा दीड तासाच्या आतला सिनेमा. पाच अंगरक्षक एका बॉसला सांभाळतात. मॉलमधल्या गोळीबारात ते धावत नाहीत, उड्या मारत नाहीत. खांबांच्या आडोशाने जागा धरून उभे राहतात, आणि प्रत्येकाची नजर वेगळ्या दिशेला. ती मांडणी पहिल्या काही शॉट्समध्ये तुमच्या डोक्यात बसते, म्हणून नंतर एक जण नुसती मान वळवतो तरी ताण वाढतो. ॲक्शनमध्ये हालचाल कमी असूनही काम होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथे एक सावधगिरी. “कट कमी म्हणजे चांगलं” असा नियम करू नका. हल्ली अखंड शॉट ही फॅशन झाली आहे. कॅमेरा खांबामागून गेला किंवा झर्रकन वळला की तिथे कट लपवलेला असतो. त्यात चूक काही नाही, फक्त त्या दहा मिनिटांत मारामारीपेक्षा कॅमेऱ्याचंच कौतुक होत असेल तर ते मला तरी पोकळ वाटतं.

आता क्राइम. याची परीक्षा विसाव्या मिनिटाला घ्या. सिनेमा थांबवा आणि मनात एक वाक्य पूर्ण करून बघा: “अमुक माणसाला तमुक हवंय, पण त्याला अजून हे ठाऊक नाही.” वाक्य जमलं तर पुढे बघा, निदान अर्ध्यापर्यंत तरी. जमलं नाही तर दोन शक्यता. एक तर तुम्ही फोनवर होतात (हे प्रामाणिकपणे तपासा, क्राइम सिनेमात चुकलेल्या एका वाक्याची किंमत पाऊण तासाने मोजावी लागते), किंवा सिनेमा जबरदस्तीने माहिती दडवतोय.

माहिती हाताळण्याच्या तीन पद्धती असतात. राजा परांजप्यांचा “पाठलाग” (१९६४) घ्या, ज्यावरून दोन वर्षांनी हिंदीत “मेरा साया” निघाला. तिथे वकील नवऱ्याला जेवढं माहीत, साधारण तेवढंच आपल्याला. कोर्टातली बाई खरं बोलतेय की खोटं, हा पेच दोघांचाही एकच. हा रोखठोक व्यवहार झाला. याच्या उलट “जॉनी गद्दार” (२००७): पाच भागीदारांतला गद्दार कोण ते आपल्याला लवकरच कळतं, बाकीच्यांना नाही. “कोणी केलं?” हा प्रश्नच श्रीराम राघवनने काढून टाकला आणि “हा आता कसा निसटणार?” हा लावला. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती तिसरी: सगळं पात्रांना ठाऊक असतं, कॅमेऱ्यानेही ते पाहिलेलं असतं, पण नेमकं तेवढं आपल्यापासून कापून ठेवतात आणि शेवटी पाच मिनिटांच्या फ्लॅशबॅकमध्ये ओततात. गेल्या काही वर्षांतल्या ओटीटी थ्रिलर्सचा हा साथीचा रोग आहे. असा शेवट बघून फसवल्यासारखं वाटलं तर तुमचं बरोबर आहे.

ठिगळं लावलेला सिनेमा ओळखायच्या काही खुणा सांगतो. सुरुवातीलाच मारामारी किंवा प्रेत, आणि लगेच “तीन दिवसांपूर्वी” अशी पाटी: बरेचदा याचा अर्थ असा की पहिली पंधरा मिनिटं संथ वाटली म्हणून शेवटाचा तुकडा उचलून पुढे आणला. पात्र पाठमोरं असताना किंवा गाडीच्या लाँग शॉटवर कथेतला महत्त्वाचा खुलासा ऐकू येतो: ते वाक्य डबिंगच्या वेळी घुसवलेलं. दर दोन सीनमध्ये शहराचा ड्रोन शॉट: मधला सीन गेला, खड्डा भरलाय. यातली एखादी खूण कुठल्याही सिनेमात सापडेल. अर्ध्या तासात तिन्ही दिसल्या तर बंद करायला हरकत नाही.

आणि बरोबर जमलं की कसं दिसतं? जूल्स दासँचा “रिफिफी” (१९५५) बघा. पॅरिसमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी जवळपास अर्धा तास चालते, एक शब्द नाही, संगीत नाही. चोर वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात. पहिलं भोक पडलं की त्यातून मिटलेली छत्री खाली सरकवतात आणि तिथेच उघडतात, म्हणजे पुढचा चुना-माती खाली फरशीवर न आपटता छत्रीत पडते. धोक्याच्या घंटेत आग विझवायचा फेस भरतात. तिजोरी फोडणारा इटालियन स्वतः दासँच आहे, वेगळं नाव लावून. हा प्रसंग संथ आहे का? घड्याळाने बघितलं तर हो. पण प्रत्येक शॉटमध्ये तुम्हाला एक नेमकी गोष्ट कळते, आणि चुकलं तर काय होईल हेही कळतं. त्यामुळे ढेकूळ पडेल का, एवढ्यावर श्वास अडकतो. तुमच्या त्या साडेसातवाल्या रटाळ सिनेमात संथपणा असेल, पण ही माहिती नसेल, एवढाच फरक.

रेटिंगचं लवकर उरकतो. कमी लोकांनी बघितलेल्या सिनेमाचा आकडा थोड्याच मतांवर ठरतो, आणि त्यात सुरुवातीला हौशी चाहते आणि पोस्टर बघून फसलेले असे दोन्ही टोकांचे लोक असतात. आकडा सोडा, तीन-चार वाईट अभिप्राय वाचा. “खूप बोलतात, गोळीबारच नाही” अशी तक्रार असेल तर तो कदाचित उत्तम क्राइम सिनेमा असेल. जॉनी टोच्याच “इलेक्शन”मध्ये (२००५) हाँगकाँगच्या एका टोळीतली सत्तेची लढाई आहे आणि एकही बंदूक नाही. “काय चाललंय तेच दिसत नाही” ही तक्रार मात्र गंभीर घ्या.

आता घरातली यंत्रणा, कारण निम्मे सिनेमे तिथेच मरतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा नावांनी जे काही असेल ते बंद करा. ते २४ फ्रेमच्या मधे स्वतःच्या फ्रेम बनवून घालतं. आम्ही तीन फ्रेम काढून जो झपाटा आणला तो हे यंत्र गुळगुळीत करून टाकतं, आणि सिनेमा सीरियलसारखा दिसतो. “फिल्ममेकर मोड” असेल तर तो लावा. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर झूम करू नका. उंचीच्या २.३५ पट रुंद असलेला सिनेमा नेहमीच्या टीव्हीवर पूर्ण भरला तर रुंदीतला जवळपास चौथा भाग बाहेर जातो, आणि ॲक्शनमध्ये दुसरा माणूस बहुधा त्याच चौथ्या भागात उभा असतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि गोळ्या कानठळ्या बसवणाऱ्या येत असतील तर ऑडिओ ५.१वरून (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) स्टीरिओवर आणा.

डबबद्दल. चांगल्या डबला मूळ सिनेमाचा संवाद सोडून बाकीचा आवाज, म्हणजे म्युझिक आणि इफेक्ट्सचा ट्रॅक, वेगळा मिळतो. तो मिळाला नाही की स्टुडिओ सगळे आवाज नव्याने भरतो. मग दरवाजा, थप्पड आणि लाथ यांचा एकच आवाज येतो. असं ऐकू आलं की मूळ भाषा आणि सबटायटल लावा. मात्र जुन्या इटालियन आणि हाँगकाँगच्या सिनेमांत “मूळ आवाजा”चा फार बाऊ करू नका. तिथे सेटवर आवाज न घेता नंतर डब करण्याचीच पद्धत होती.

कोणती आवृत्ती हातात आहे तेही बघा. वर सांगितलेला “टॉम-यम-गूंग” अमेरिकेत “द प्रोटेक्टर” नावाने, वीसहून जास्त मिनिटं कापून आणि संगीत बदलून आला. जॅकी चॅनचाही १९८५चा “द प्रोटेक्टर” आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणून नाव, साल आणि लांबी असं तिन्ही जुळवा. लांबीत चार टक्क्यांचा फरक असेल, म्हणजे १०० मिनिटांचा ९६ दिसत असेल, तर बहुधा काही कापलेलं नाही. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ने चालवायचे, तीच फाइल फिरत असते. त्याहून जास्त तफावत असेल तर दुसरी प्रत शोधा.

आता नावं. वर आलेल्यांपैकी सुरुवात “रिफिफी”ने करू नका, त्याआधी रिचर्ड फ्लायशरचा “द नॅरो मार्जिन” (१९५२) बघा. फक्त ७१ मिनिटं. गुंडाच्या विधवेला साक्षीसाठी शिकागोहून लॉस एंजेलिसला ट्रेनने न्यायचंय आणि मारेकरी त्याच गाडीत आहेत. डब्याचा अरुंद बोळ, गाडीचा खडखडाट हेच संगीत. एका ठिकाणी बाई नेल फायलरने नखं घासतेय आणि तिथून थेट इंजिनाच्या चाकांवर कट आहे. तो कट आवडला तर समजा, जुन्या गुन्हेपटांचा एक मोठा साठा तुमच्यासाठी उघडला. लगेच “गन क्रेझी” (१९५०) लावा. त्यात बँकेवरचा दरोडा गाडीच्या मागच्या सीटवरून, एका शॉटमध्ये दाखवलाय. कॅमेरा बँकेत जातच नाही.

हिंदीत सुधीर मिश्रांचा “इस रात की सुबह नहीं” (१९९६): मुंबईतली एक रात्र, एका गुंडाला भर गर्दीत बसलेली एक थप्पड, बाकी सगळं त्यातून निघतं. त्यानंतर कबीर कौशिकचा “सहर” (२००५). उत्तर प्रदेशचे पोलीस, नव्याने आलेले मोबाइल आणि त्यांवरचं बोलणं चोरून कसं ऐकायचं हे समजावून सांगणारा पंकज कपूरचा प्राध्यापक. पहिला अर्धा तास नावं आणि हुद्दे ध्यानात ठेवावे लागतात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. मग “द मिशन”, मग “टॉम-यम-गूंग” पूर्ण लांबीचा. “एडी कॉइल” सगळ्यात शेवटी.

आणि एक रविवार मोकळा असेल तर कोरियाचा “द मॅन फ्रॉम नोव्हेअर” (२०१०) आणि आपल्या निशिकांत कामतने त्यावरून केलेला “रॉकी हँडसम” (२०१६) पाठोपाठ बघा. “डोंबिवली फास्ट”वाले कामत, त्यामुळे दिग्दर्शक कच्चा होता असं म्हणायची सोय नाही. दोन्हीत शेवटी चाकूंची झटापट आहे. दोन्ही आवाज बंद करून बघा, दोघांचे चाकू कुठे आहेत हे कुठल्या सिनेमात जास्त वेळ कळत राहतं ते मोजा, आणि जमलं तर इथे लिहा. माझं मत आधीच सांगून तुमचं बघणं बिघडवत नाही.